निकोला टेस्ला : आवर न घालता आलेली वीज

उधना, पांडेसरा, लिंबायत इथल्या शेडमध्ये जो माग खडखडतो, त्याला फिरवणारी मोटर पाहिली तर तिच्यात कार्बन ब्रश नसतात, ठिणगी पडत नाही. बेअरिंग बदलत राहिलं की वर्षानुवर्षं चालते. खानदेशातून सुरतेला आलेल्या कितीतरी घरांची चूल या मोटरवर पेटली. तिचा जनक निकोला टेस्ला. आता हे नाव एका मोटारगाडीमुळे पोरांच्या तोंडी आहे, पण माणसाची ओळख फारशी कुणाला नाही.

टेस्लाचा जन्म 10 जुलै 1856 रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. हे गाव आज क्रोएशियात आहे. घर सर्बियन, वडील धर्मगुरू. आई शिकलेली नव्हती, पण घरकामाची लहानसहान साधनं स्वतः बनवायची. हात तिच्याकडून आला, असं टेस्ला पुढे मानत असे. वडिलांना मुलगाही धर्मगुरूच व्हायला हवा होता. ऐन तारुण्यात त्याला कॉलरा झाला, जगण्याची आशा उरली नाही, तेव्हा बरा झालास तर इंजिनिअरिंगला पाठवीन असं वडिलांनी कबूल केलं. मुलगा उठून बसला.

ग्राट्सच्या तंत्रशाळेत त्याने डी.सी. मोटरच्या ब्रशवर उडणाऱ्या ठिणग्या पाहिल्या आणि ब्रशशिवाय मोटर का नको, असं विचारलं. प्राध्यापकांनी ते अशक्य ठरवलं. 1882 साली बुडापेस्टच्या बागेत मित्रासोबत फिरताना त्याला उत्तर सुचलं : ए.सी. प्रवाहांनी चुंबकीय क्षेत्रच गोल फिरवायचं. काठीने मातीत आकृती काढून त्याने मित्राला ते समजावलं.

1884 मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला. काही महिने एडिसनच्या कंपनीत होता, पटलं नाही, बाहेर पडला. पुढे चर खणायची मजुरीही केली. 1888 मध्ये मोटरची पेटंटं मिळाली आणि वेस्टिंगहाउसने ती घेतली. दर हॉर्सपॉवरमागे अडीच डॉलर रॉयल्टी ठरली होती. कंपनी अडचणीत आल्यावर त्याने तो हक्क सोडला. करार समोरच फाडला असं सांगतात, पण त्या फाडण्याला पुरावा कमी. हक्क सोडला हे मात्र खरं, आणि तो ठेवला असता तर पुढचं आयुष्य वेगळं गेलं असतं. नायगाराच्या धबधब्याची वीज नोव्हेंबर 1896 मध्ये बफेलो शहरात आली ती त्याच्याच पद्धतीने. आपल्याकडे 1915 साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली तीही ए.सी.च.

1891 मध्ये त्याने जी कॉइल दाखवली तिला आज त्याचंच नाव आहे. एक ट्रान्सफॉर्मर काही हजार व्होल्ट देतो, त्यावर कॅपॅसिटर भरतो आणि ठिणगीच्या फटीतून जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांत एकदम रिकामा होतो. शेजारी बारीक तारेचे शेकडो वेढे असतात. झोक्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत गेलं की तो उंच जातो, तसं या वेढ्यांतलं व्होल्टेज चढत जातं आणि टोकावरून हवेत ठिणग्या सुटतात.

अवघड भाग मात्र खाली, मेन लाइनच्या बाजूला असतो. फटीत ठिणगी पडली की ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने तो शॉर्टच, मग तो लाइनमधून मिळेल तेवढा करंट ओढतो. रेझिस्टन्स घालून अडवला तर निम्मी वीज उष्णतेत जाते. पूर्वी रोषणाईसाठी मिठाच्या पाण्याच्या पिंपात पत्रा वरखाली करून दिवे मंद करत, तोच हा प्रकार. म्हणून सिरीजमध्ये चोक आणि मागे डिमरस्टॅट लावतात. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा छोटा डिमर इथे लगेच उडतो. इलेक्ट्रॉनिक डिमरच हवा असेल तर दोन दांडगे थायरिस्टर उलटसुलट जोडावे लागतात, आणि लाटेचे दोन्ही अर्धे अगदी सारखे कापावे लागतात. एक बाजू कमी-जास्त झाली की ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो आणि कमी करायला निघालेला करंट उलट भडकतो.

टेस्लाच्या काळी यातलं काही नव्हतं. 1899 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या माळावर त्याने सुमारे पन्नास फूट व्यासाची कॉइल उभारली. स्थानिक वीज कंपनीची लाइन जोडलेली होतीच. एका प्रयोगात मोठमोठ्या ठिणग्या सुटल्या आणि अचानक सगळं शांत झालं. गावच्या वीजघरातला जनरेटर जळाला होता. त्याने अति करंट ओढला, असंच सगळीकडे लिहिलेलं आढळतं. त्याचं स्वतःचं म्हणणं निराळं होतं : कॉइलमधले अतिजलद प्रवाह लाइनवरून उलटे जनरेटरपर्यंत गेले आणि त्यांनी गुंडाळीचं इन्सुलेशन फोडलं. मला हेच पटतं. नुसता करंट आवरून ते थांबलं नसतं, परतीची वाटही अडवावी लागते. आज अशी कॉइल चालवणारे म्हणूनच लाइनवर फिल्टर बसवतात आणि कॉइलला वेगळं अर्थिंग देतात.

पैशाच्या बाबतीत त्याला असा फिल्टर कधीच सापडला नाही. 1901 मध्ये जे. पी. मॉर्गनने दीड लाख डॉलर दिले ते समुद्रापार बिनतारी संदेश पाठवण्यासाठी. टेस्लाने बेत वाढवत नेला, तारांशिवाय वीजच पोचवायची म्हणाला, आणि लाँग आयलंडवर 187 फुटी मनोरा चढवायला घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मार्कोनीने साध्या सामानावर अटलांटिकपार संदेश घेतला. मॉर्गनने पुढचा पैसा नाकारला. 1904 मध्ये कोलोरॅडोची प्रयोगशाळा पाडून सामान देण्यापायी विकलं गेलं, 1917 मध्ये मनोराही पाडला.

या माणसाला आपल्याकडचंही काही ठाऊक होतं. 1896 मध्ये न्यूयॉर्कात त्याची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली होती. जड आणि ऊर्जा एकच हे तो गणिताने दाखवेल अशी स्वामीजींना आशा होती. ते त्याच्याकडून झालं नाही, पण आकाश आणि प्राण हे शब्द पुढे त्याच्या लिखाणात आले.

लग्न केलं नाही. शेवटची वर्षं हॉटेलांत, कबुतरांना दाणे घालण्यात गेली. 7 जानेवारी 1943 रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या 3327 क्रमांकाच्या खोलीत तो वारला. पाचच महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या रेडिओ पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द केले, कारण टेस्ला आणि इतर दोघांचं काम त्याच्या आधीचं होतं.

त्याची रक्षा बेलग्रेडच्या संग्रहालयात सोनेरी गोळ्यात ठेवली आहे. त्याच इमारतीत मोठी टेस्ला कॉइल चालवून दाखवतात. पाहुण्यांच्या हातात ट्यूबलाइट देतात, कॉइल सुरू करतात, आणि एकही तार न जोडता त्या ट्यूब हातातल्या हातात पेटतात.