बिनमालकीचा ठिपका

पृथ्वीपासून सुमारे ६०० कोटी किलोमीटर दूर गेलेल्या एका यानाने १४ फेब्रुवारी १९९० रोजी मान वळवून मागे पाहिले. गुरू आणि शनी यांच्या भेटी त्याने दहा वर्षांपूर्वीच आटोपल्या होत्या. पुढे वाटेत एकही ग्रह येणार नव्हता आणि कॅमेऱ्याला काही काम उरलेले नव्हते. त्या दिवशी व्हॉयेजर-१ने एकापाठोपाठ एक साठ छायाचित्रे टिपली. त्यातल्या एकात, कॅमेऱ्यात विखुरलेल्या सूर्यप्रकाशाच्या तिरिपेत, पृथ्वी आहे. ती शोधावी लागते. छायाचित्र ज्या बारीक चौकोनांचे बनलेले असते, त्यातल्या एका चौकोनाच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढी ती आहे. हा ठिपका टिपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॅमेरा बंद झाला, तो कायमचाच.

या छायाचित्रासाठी जवळजवळ नऊ वर्षे हट्ट धरून बसलेला माणूस म्हणजे कार्ल सेगन. त्यातून विज्ञानाला नवे काही कळणार नाही, उलट कॅमेरा सूर्याच्या दिशेने वळवला तर तो निकामी होईल, असे अनेकांचे म्हणणे होते. त्यात तथ्यही होते. पण यानाच्या छायाचित्रांवर काम करणाऱ्या कँडी हॅन्सन आणि कॅरोलिन पोर्को यांच्यासारखी माणसे सेगन यांच्या बाजूने उभी राहिली. अखेर नासाचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड ट्रुली यांनीच लक्ष घातले आणि परवानगी मिळाली.

गंमत अशी की, हे छायाचित्र कोणाच्याच मालकीचे नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार तेथील केंद्र सरकारच्या कामावर कॉपीराइट नसतो, आणि नासाच्या छायाचित्रांवर सर्वसाधारणपणे कोणी हक्क सांगत नाही. शाळेच्या भित्तिपत्रकावर लावा, दिनदर्शिकेवर छापा, कोणाला पत्र लिहायला नको. आकाशाच्या सगळ्याच छायाचित्रांचे असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या दुर्बिणीतून डेव्हिड मॅलिन यांनी तेजोमेघांची जी रंगीत छायाचित्रे घेतली, त्यांच्यावर रीतसर कॉपीराइट होता. ते योग्यही होते. तीन वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून तीन काचा घ्यायच्या आणि अंधाऱ्या खोलीत त्या एकमेकींवर जुळवायच्या, हे काम म्हणजे तपश्चर्याच. आकाश सगळ्यांचे असले तरी आकाशाचे चित्र काढणाऱ्याचा घाम त्याचा स्वतःचा असतो. या दोन गोष्टींमधली ओढाताण सेगन यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसते, आणि दर वेळी ते एकाच बाजूला होते असेही नाही.

त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९३४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका ज्यू स्थलांतरिताच्या घरी झाला. आई श्रद्धाळू, वडिलांना देवाधर्माचे फारसे वेड नाही. लहानपणी कार्ल वाचनालयात गेला आणि त्याने ताऱ्यांविषयीचे पुस्तक मागितले, तर हाती आले ते सिनेतारकांचे. (ही गोष्ट मराठीत जशी खुलते तशी इंग्रजीतही खुलते.) पुस्तक बदलून मिळाले आणि सूर्य हाही एक ताराच आहे हे कळल्यावर पोराला रात्री झोप लागेना. १९३९ मध्ये आईवडिलांनी त्याला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात नेले. पाच हजार वर्षांनी उघडायची म्हणून एक कुपी तिथे जमिनीत पुरलेली होती. ती कल्पना त्याच्या डोक्यातून पुढे कधीच गेली नाही.

शिकागो विद्यापीठात जेरार्ड कायपर यांच्या हाताखाली शिकत असताना सेगन यांनी एक काम केले, ते त्यांच्या हयातीत जगाला माहीत नव्हते. १९५७च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. दुसऱ्या वर्षी अमेरिकी हवाई दलाने एक गुप्त अभ्यास हाती घेतला : चंद्रावर अणुबॉम्ब फोडला तर काय होईल? पृथ्वीवरून तो स्फोट दिसावा आणि शत्रूच्या मनात धडकी भरावी, हा हेतू. स्फोटाने उडालेली धूळ हवा नसलेल्या चंद्रावर कशी पसरेल याचे गणित ज्या तरुणाने केले, तो चोवीस वर्षांचाही नव्हता. योजना बारगळली. १९५९ मध्ये एका शिष्यवृत्तीच्या अर्जात सेगन यांनी या गुप्त कामाचा उल्लेख करून ठेवला होता, तो त्यांच्या चरित्रकाराला सापडला. २००० मध्ये प्रकल्पाचे प्रमुख लिओनार्ड रायफल यांनीही त्याला दुजोरा दिला. सेगन यांच्या चाहत्यांना हे प्रकरण आवडत नाही. मला मात्र ते महत्त्वाचे वाटते. पुढे जो माणूस अणुयुद्धाविरुद्ध इतका तळमळून बोलला, त्याला त्या युद्धाचे गणित स्वतःच्या हाताने मांडून माहीत होते.

हार्वर्ड विद्यापीठाने १९६८ मध्ये त्यांना कायम केले नाही. तेव्हा ते कॉर्नेलला गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

१९७१च्या नोव्हेंबरात मरिनर-९ यान मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा खाली काहीच दिसेना. सगळा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला. शास्त्रज्ञ वादळ ओसरायची वाट पाहत बसले. सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रिकाम्या वेळात तापमानाचे आकडे पाहिले. धुळीमुळे वरची हवा तापली होती, पण जमीन थंड पडली होती. हेच गणित बारा वर्षांनी त्यांनी पृथ्वीला लावले. अणुयुद्धात शहरे पेटली तर वर जाणारी काजळी सूर्यप्रकाश अडवील, भर उन्हाळ्यात गारठा पडेल, पिके मरतील. ज्या देशावर एकही बॉम्ब पडला नाही तोही उपाशी मरेल. टर्को, टून, अकरमन, पोलॅक आणि सेगन या पाचजणांचा हा शोधनिबंध डिसेंबर १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याचे नाव पडले अणुहिवाळा.

निबंध छापून येण्याआधीच सेगन यांनी रविवारच्या एका पुरवणीत लेख लिहून हा विषय घरोघर पोचवला. शास्त्रज्ञांच्या जगात हे शिष्टसंमत नव्हते आणि त्यावरून त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. आकडे वाढवून सांगितल्याचा आरोप झाला, पुढच्या गणितांत गारठा थोडा सौम्यही निघाला. १९९१ मध्ये कुवेतमधल्या तेलविहिरी पेटल्या, तेव्हा त्या धुराने दक्षिण आशियातल्या शेतीवर परिणाम होईल असे भाकीत त्यांनी केले. ते चुकले. ही चूक त्यांनी नंतर आपल्या पुस्तकात स्वतःच नमूद केली. नेवाडाच्या वाळवंटातल्या अणुचाचण्यांविरुद्धच्या निदर्शनांत कुंपण ओलांडल्याबद्दल त्यांना दोनदा अटक झाली होती.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. त्या पाचांपैकी टून आणि टर्को यांनी ॲलन रोबॉक यांच्याबरोबर २००७ मध्ये तेच गणित नव्याने मांडले, ते भारत आणि पाकिस्तान यांना समोर ठेवून. दोन्ही बाजूंनी हिरोशिमावर पडला त्या आकाराचे पन्नास-पन्नास बॉम्ब टाकले तर सुमारे ५० लाख टन काजळी वर जाईल आणि साऱ्या जगाची शेती काही वर्षे कोलमडेल, असे उत्तर आले. सेगन तेव्हा हयात नव्हते. आपला दुसरा पोखरण आणि पाकिस्तानचे चागाई, दोन्ही १९९८चे. तेही त्यांनी पाहिले नाही.

धर्माविषयी त्यांचे मत काय होते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पुराव्यावाचून काही मानायचे नाही हा त्यांचा बाणा. पण देव नाहीच असे ठासून सांगण्याइतका पुरावाही आपल्याजवळ नाही, असे ते म्हणत. श्रद्धावंतांची टिंगल त्यांनी केली नाही. 'कॉसमॉस' या १९८०च्या दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग त्यांनी तामिळनाडूत चित्रित केला. पोंगलचा सण आणि चोळांची नटराजमूर्ती त्यात आहे. ब्रह्मदेवाचा एक अहोरात्र ८६४ कोटी वर्षांचा असतो, हा आपल्या पुराणांचा हिशोब त्यांना फार भावला होता. आपल्याकडच्या काही मंडळींनी तेवढ्यावरून त्यांना आपल्या बाजूचे ठरवून टाकले. पण सेगन यांनी त्या कल्पनाशक्तीला दाद दिली होती. पुराणांत विज्ञान असल्याचा दाखला दिला नव्हता.

अण्वस्त्रे आणि पर्यावरण यांच्यापुढे धर्म आणि विज्ञान यांचे भांडण त्यांना परवडणारे वाटत नव्हते. अणुहिवाळ्याचा विषय घेऊन ते व्हॅटिकनपर्यंत गेले. जानेवारी १९९०मध्ये, म्हणजे त्या छायाचित्राच्या आदल्याच महिन्यात, मॉस्कोच्या एका परिषदेत ३२ शास्त्रज्ञांच्या वतीने जगातल्या धर्मगुरूंना आवाहन करण्यात आले. पृथ्वी वाचवण्याचे काम एकत्र करू, असे त्यात म्हटले होते. त्यामागे सेगन होते. वेगवेगळ्या धर्मांच्या शेकडो पुढाऱ्यांनी त्याला होकार दिला.

आता त्या यानावरच्या तबकडीकडे वळू. १९७७ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ध्वनिमुद्रिका बसवण्यात आली. तिची जबाबदारी सेगन यांच्यावर होती. प्रदर्शनातली ती कुपी इतक्या वर्षांनी अशी वर आली. ५५ भाषांतले नमस्कार तिच्यात आहेत, त्यात एका बाईंनी म्हटलेला मराठी नमस्कारही आहे. शंभरावर चित्रे आहेत. पण युद्धाचे चित्र नाही, अणुस्फोटाचा ढग नाही. पाहणाऱ्याला ती धमकी वाटू नये म्हणून. देऊळ, मशीद, चर्च अशी पूजास्थानेही कटाक्षाने टाळली, कारण एका धर्माचे घेतले तर सगळ्यांचे घ्यावे लागले असते. ताजमहाल मात्र गेला; तो देवासाठी नव्हे, एका माणसाच्या प्रेमापोटी बांधलेला, म्हणून. पृथ्वीचे हे जरा सोज्ज्वळ केलेले चित्र प्रामाणिक आहे का, असा प्रश्न आजही विचारला जातो. घरी पाहुणे येणार म्हणून आपण बैठकीची खोली आवरतो, त्यातलाच हा प्रकार.

चित्रे आणि गाणी निवडणे सोपे होते, ती मिळवणे कठीण. हक्क कोणाकोणाचे! छायाचित्रकार, मासिके, रेकॉर्ड कंपन्या. बीटल्सचे एक गाणे त्या मंडळींची इच्छा असूनही कंपनीच्या नकारामुळे गेले नाही, अशी हकीकत सेगन यांनी लिहून ठेवली आहे. त्यांचे सहकारी टिमोथी फेरिस यांना ती मान्य नाही. केसरबाई केरकरांच्या भैरवीची गोष्ट वेगळी. 'जात कहां हो' घ्यावेच असा संगीतज्ञ रॉबर्ट ब्राउन यांचा आग्रह होता, पण रेकॉर्ड बाजारात मिळेना. अखेर ॲन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. ध्वनिमुद्रणाचे ज्यांना फारसे प्रेम नव्हते, त्या फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाईंचा आवाज ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर-१बरोबर गेला. ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, त्या वारल्या.

याच कामात सेगन आणि ॲन यांचे प्रेम जमले. पुढे १९८१ मध्ये त्यांचे लग्न झाले. ही कहाणी नेहमी मोठ्या गोडीने सांगितली जाते. तेव्हाच्या पत्नी लिंडा याही त्याच तबकडीसाठी राबत होत्या, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

स्वतःच्या नावाबाबत हा माणूस कमालीचा हळवा होता. १९९३च्या सुमारास ॲपल कंपनीच्या अभियंत्यांनी एका संगणकाला कार्यालयातल्या कार्यालयात त्यांचे नाव ठेवले होते. संगणक त्या नावाने विकला जाणार नव्हता. तरीही सेगन यांनी वकिलामार्फत पत्र धाडले. अभियंत्यांनी नाव बदलून तीन अक्षरांचे केले. त्या अक्षरांचा अर्थ मठ्ठ डोक्याचा खगोलशास्त्रज्ञ असा होत होता! सेगन कोर्टात गेले, दावा फेटाळला गेला आणि १९९५ मध्ये तडजोड झाली. आकाश सर्वांचे म्हणणाऱ्या माणसाने इतके ताणायला नको होते, असे वाटते खरे.

तोवर ते फार आजारी होते. रक्त तयार करणाऱ्या मज्जेचा विकार १९९४च्या अखेरीस कळला. बहिणीने आपली मज्जा दिली, तीही एकाहून अधिक वेळा. २० डिसेंबर १९९६ रोजी सिएटलमध्ये न्यूमोनियाने ते गेले. वय ६२.

त्या तबकडीची एक प्रत सेगन यांनाही हवी होती, पण नासाने ती दिली नाही, असे सांगतात. तिच्यातले नमस्कार आणि पृथ्वीवरचे आवाज नासाने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले केले. गाणी तिला तशी देता आली नाहीत. ती २०१७ मध्ये एका खासगी प्रकाशनाने हक्क नव्याने मिळवून छापली. तबकडीवरची सगळी चित्रेही नासा आपल्याकडे दाखवू शकत नाही, कारण कित्येकांचे हक्क दुसऱ्यांकडे आहेत. जे परग्रहावरच्याला फुकट पाठवले, ते शेजाऱ्याला दाखवायला परवाना हवा.

आणि त्या ठिपक्याचे काय? छायाचित्र कोणीही, कुठेही छापावे. त्या ठिपक्यावर सेगन यांनी १९९४च्या पुस्तकात लिहिलेला उतारा जगभर पाठ झालेला आहे. सगळे राजे, सगळे संत, सगळी युद्धे त्या एका धूलिकणावरच झाली, असा त्याचा आशय. पण त्या शब्दांचा हक्क त्यांच्या वारसांकडे आहे. या लेखाशेजारी ते छायाचित्र कोणाला न विचारता छापता येईल. तो उतारा छापायचा, तर मात्र आधी पत्र लिहावे लागेल.