जकार्त्याचे सुवर्ण आणि रहीमसाहेबांचा धडा

हैदराबादेतील गौलीगुडा हे नाव जुन्या पिढीतील प्रवाशांना तेथील मोठ्या बसस्थानकामुळे परिचित आहे. मुसी नदीलगतच्या या वस्तीत उर्दू आणि तेलुगूच्या जोडीला मराठीही सहज कानी पडे. जवळच जांबागेत विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींनी उभारलेली शिक्षणसंस्था, एका अंगाला चादरघाट आणि थोडे पुढे गेले की काचीगुडा. याच टापूतील शाळांतून शिकवणाऱ्या एका शिक्षकाने भारतीय फुटबॉलला त्याचे सर्वांत वैभवशाली दिवस दाखवले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडूंमध्ये ते रहीमसाहेब म्हणूनच ओळखले जात.

१७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत जन्मलेल्या रहीम यांनी पदवी घेतल्यानंतर शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा येथील माध्यमिक शाळा, चादरघाट हायस्कूल आणि अन्य काही शाळांत त्यांनी अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून त्यांनी शाळांतील क्रीडाविभागाची जबाबदारी सांभाळली. मुलांच्या शरीराकडे पाहण्याची शिक्षकाची नजर त्यांच्या प्रशिक्षणात अखेरपर्यंत टिकून राहिली.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. रहीमसाहेबांच्या सरावाची रीत वेगळी होती. चेंडू पायाशी घोळवत नेण्यास मनाई असलेले सामने आणि केवळ दुबळ्या पायानेच खेळायचे सामने ते भरवीत. चेंडू झटपट सहकाऱ्याकडे गेला की प्रतिस्पर्ध्याची धडक कमी बसते आणि दोन्ही पाय सारखे कसलेले असले की एकाच पायावर सारा भार पडत नाही. खेळ देखणा करण्यासाठी आखलेल्या या सरावात शरीराच्या रक्षणाचाही विचार आपोआप साधत असे.

१९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला १-० असे नमवून सुवर्णपदक मिळवले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. तेथील थंड हवेत भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

बुटांचा प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो. अनवाणी खेळणाऱ्याची नखे उखडतात, तळवा फाटतो आणि समोरच्याच्या बुटाखाली पाऊल चिरडते. उलट बुटांची सवय नसलेल्याने ते एकदम चढवले तर टाचेला फोड येतात आणि पोटरीवर ताण पडतो. तळाचे खिळे मैदानात जास्त रुतले तर पाऊल जागेवर अडकते, अंग वळते आणि गुडघ्यातील अस्थिबंध तुटतो. कडक मैदानावर आखूड खिळे आणि पावसाने मऊ झालेल्या मैदानावर लांब खिळे, हा नियम गोव्याच्या पावसाळी मैदानांवर खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवा. नवे बूट आधी सरावात रुळवावेत आणि मगच सामन्यात घालावेत.

बूट घातलेल्या भारतीय संघाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ४-२ अशा विजयात गोमंतकीय वंशाच्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. १९६० साली रोममध्ये रहीमसाहेबांच्या संघाने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले.

त्यांच्या कसोटीचा क्षण आला तो १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवले. थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण त्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांचे डोके फुटले आणि टाके घालावे लागले. जपानविरुद्ध त्यांच्याविना खेळून भारताने २-० अशी बाजी मारली. सामन्यात बदली खेळाडू उतरवण्याची सोय त्या काळी नव्हती. जो जायबंदी होई, तो मैदानाबाहेर जाई आणि संघ दहा जणांनिशी खेळत राही. विश्वचषकाच्या अंतिम फेरीत बदली खेळाडूंना परवानगी मिळाली ती १९७० साली.

रहीमसाहेबांनी उपलब्ध माणसांची फेरमांडणी केली. जर्नेलसिंग यांना बचावातून काढून आघाडीला, मध्यभागी नेले. बचावपटूला उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्यानेच परतवावा लागतो, आघाडीवर मात्र तो निवडीने खेळू शकतो. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला आणि जर्नेलसिंग यांनी गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी, भारताविरुद्ध घोषणा देणाऱ्या प्रचंड गर्दीसमोर, दक्षिण कोरियाशी अंतिम सामना झाला. आजारपणातून उठलेले पीटर थंगराज गोलरक्षणाला उभे राहिले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारताने २-१ असा विजय मिळवला. गोवा मुक्त होऊन नऊ महिनेही झाले नव्हते आणि त्या सुवर्णविजेत्या संघाच्या मधल्या फळीत गोमंतकाचा सुपुत्र फोर्तुनात फ्रँको होता.

डोक्याला टाके असताना केलेला तो गोल दंतकथेसारखा सांगितला जातो. त्यातील धैर्य खरेच आहे, मात्र तो आजच्या खेळाडूने गिरवण्याचा कित्ता नव्हे. कातडीची जखम टाक्यांनी जुळते, मेंदूला बसलेला हादरा डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच डोक्याला मार लागून भोवळ, गोंधळ, मळमळ किंवा विसर जाणवला तर त्या खेळाडूला त्याच क्षणी बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये, असा आजचा वैद्यकीय दंडक आहे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके किंवा गुंगी दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. अशा दुखापतीसाठी जादा बदली खेळाडू उतरवण्याची कायम तरतूद फुटबॉलच्या नियमांत २०२४ साली झाली.

फुटबॉलमध्ये सर्वाधिक दुखावतात ते घोटा, गुडघा, जांघ आणि मांडीचा मागचा स्नायू. घोटा मुरगळला तर खेळ थांबवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, पट्टी बांधून पाय उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालीश दोन्ही टाळावेत. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ उठत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. मात्र दीर्घकाळ निजून राहणेही योग्य नाही. वेदना सहन होईल तितकी हालचाल लवकर सुरू केलेली बरी. गुडघ्यातून आवाज येऊन काही तासांत सूज चढली, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

दुखापत टाळण्याचा मार्ग स्वस्त आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धावणे, तोल, उड्या आणि स्नायूबळ यांचा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्मअप करणाऱ्या संघांत दुखापती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी आढळल्या आणि गंभीर दुखापती निम्म्यावर आल्या. त्यासाठी लागते ती शिस्त आणि ती लावणारा शिक्षक.

जकार्त्याच्या विजयानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांनीही पुढे फुटबॉललाच वाहून घेतले. २०२४ साली ‘मैदान’ या चित्रपटातून रहीमसाहेबांची कहाणी नव्या पिढीपर्यंत पोहोचली. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण मात्र भारताला १९६२ नंतर पुन्हा लाभलेले नाही.

बदली खेळाडू नाही, साधने तुटपुंजी, अशा काळात त्यांनी खेळाडूचे शरीर ओळखून संघ रचला. आज गावोगावच्या स्पर्धांत बाकावर बदली खेळाडू बसलेले असतात, बर्फ आणि पट्टी सहज मिळते, डॉक्टरही फार दूर नसतो. तरीही लंगडणाऱ्या मुलाला शेवटच्या दहा मिनिटांसाठी मैदानात ढकलले जाते. त्या मुलाला वेळीच बाहेर बोलावणारा प्रशिक्षक हाच रहीमसाहेबांचा खरा वारसदार ठरेल.