विश्लेषण : घर, समाज आणि सरकार… स्त्रियांवरील हिंसेचे तिन्ही चेहरे पंडिता रमाबाईंनी कसे दाखवले?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० डिसेंबर १९९३ रोजी स्त्रियांवरील हिंसाचार निर्मूलनाचा जाहीरनामा स्वीकारला. घरात होणारी, समाजात होणारी आणि सरकारी यंत्रणेने केलेली किंवा खपवून घेतलेली हिंसा त्याने एकाच व्याख्येत आणली. पुण्यात काम केलेल्या पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) या तिन्हींवर जवळपास शंभर वर्षे आधी बोट ठेवले होते. त्यासाठी परदेशातून मदतही उभी केली होती.

पुण्याशी नाते कसे जुळले?

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत पायी भटकत त्या १८७८ मध्ये कोलकात्यात पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या २३ वर्षांच्या होत्या. तान्ह्या मनोरमाला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टरांची मागणी केली.

अमेरिकेत त्यांनी काय मांडले?

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या. पुढच्या वर्षी त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक आले. जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रिया ५० लाखांहून अधिक संख्येने कमी आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मुलींची हत्या, बालविवाह, विधवांचा छळ या गोष्टी घरातली खासगी बाब म्हणून झाकून ठेवल्या जात. रमाबाईंनी त्या जगापुढे आकड्यांसह मांडल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले.

शारदा सदनावरून वाद का झाला?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आले. बालविधवांना राहायला जागा, शिक्षण आणि पुढे स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सोय, असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. मात्र मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याचा आरोप झाला. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदन मात्र बंद पडले नाही.

दुष्काळ आणि प्लेगच्या काळात काय घडले?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. निराधार मुलींना फूस लावून नेणारे दलाल तेथे फिरत होते. मदतकेंद्रांवरही स्त्रिया सुरक्षित नव्हत्या. रमाबाईंनी शेकडो मुलींना सोबत आणले. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर होता. १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या असुरक्षिततेवर जाहीर टीका केली. आपल्या आश्रयाला असलेल्या एका मुलीचे उदाहरणही त्यांनी दिले. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप फेटाळले. ख्रिस्ती असूनही रमाबाईंनी इंग्रज सरकारची भीड ठेवली नव्हती.

केडगावात काय उभे राहिले?

दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती सदन आकाराला आले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील स्त्रिया व मुलांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ वेगळे होते. विणकाम, छपाई, शेती, दुग्धव्यवसाय अशी कामे स्त्रियाच सांभाळत. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. केडगावची संस्था आजही सुरू आहे.

आजच्या संदर्भात महत्त्व काय?

स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली. २५ नोव्हेंबर हा दिवस स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनासाठी जगभर पाळला जातो. कायदे, करार आवश्यकच आहेत. पण छळ सोसणारी बाई घराबाहेर पडली, तर त्या रात्री तिने जायचे कुठे आणि दुसऱ्या दिवसापासून खायचे काय, हा प्रश्न उरतोच. रमाबाईंनी कामाला सुरुवात केली ती याच प्रश्नापासून.