शेतकऱ्यांना एका बैठकीवर आणणारे डॉ. पंजाबराव देशमुख

पांढुर्णा व सौंसर हे आपले तालुके आज मध्य प्रदेशात आहेत, आणि २०२३ सालापासून ते पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात मोडतात. परंतु १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत आपण आणि वऱ्हाडकर एकाच प्रांताचे रहिवासी होतो. कायदा एक, कर्जाची रीत एक, आणि कपाशी, ज्वारी, तुरीचे पीकही एकच. म्हणून वऱ्हाडातील एका शेतकरीपुत्राचे हे चरित्र आपणांस परके वाटण्याचे कारण नाही.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. अमरावतीचे शालेय शिक्षण व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील काही काळ आटोपून ते विलायतेस गेले. तेथे ते बॅरिस्टर झाले आणि वेदवाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेटही मिळविली. इतके शिकलेला मनुष्य मुंबईत किंवा नागपुरात सुखाने वकिली करू शकला असता. पण पंजाबराव अमरावतीस परतले.

परतल्यावर त्यांच्या दृष्टीस पहिली गोष्ट पडली ती ही की, ज्या गावात सर्वांना एका विहिरीवर पाणी भरता येत नाही, ते गाव एकजुटीने काहीही करू शकणार नाही. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली उभ्या राहिलेल्या चळवळीत ते पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांसाठी खुल्या केल्या. शेतकरी संघाचे कामही त्यांनी याच सुमारास हाती घेतले. एकत्र येण्याची भाषा करण्यापूर्वी त्यांनी आपल्या दारापासून सुरुवात केली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९३० साली ते प्रांताचे मंत्री झाले. शिक्षण, शेती व सहकार ही खाती त्यांच्याकडे होती. तो जागतिक मंदीचा काळ होता. कापसाचे व धान्याचे भाव कोसळले, पण सावकाराच्या वहीतील आकडा मात्र तसाच राहिला. एक खंडी विकून जे कर्ज फिटले असते, त्याला आता दोन खंड्याही पुरेनात. जमिनी जाऊ लागल्या. अशा वेळी १९३३ साली मध्य प्रांतात कर्ज-समेटाचा कायदा झाला, आणि तो घडवून आणण्यात पंजाबरावांचा मोठा वाटा होता. या कायद्याने समेट मंडळे नेमली. ऋणको आणि धनको यांना मंडळापुढे बोलवावे, खरे देणे किती ते ठरवावे, आणि झेपतील असे हप्ते बांधून द्यावेत, अशी ही योजना होती. पुढे इतर प्रांतांनीही याच धर्तीवर कायदे केले.

मात्र या उपायाला मर्यादाही होती. जुने कर्ज कमी झाले, तरी पुढच्या पेरणीला बियाणे व पैसा कोण देणार? हात आखडलेला सावकार नवे कर्ज देईना, आणि त्याची जागा घेईल अशी संस्था गावोगावी नव्हती. कायदा माणसाला खड्ड्यातून वर काढतो, पण चालण्यासाठी रस्ता शेतकऱ्यांनी मिळूनच बांधावा लागतो. पंजाबरावांच्या पुढील आयुष्याचे सर्व काम याच रस्त्याचे आहे.

१९५२ पासून १९६२ पर्यंत ते दिल्लीत कृषिमंत्री होते. १९५३ साली देशभर जपानी भातशेतीची मोहीम निघाली. गादीवाफ्यावर थोड्या बियाण्यात रोपे करावीत, ती ओळीने लावावीत, वेळेवर खुरपणी करावी व खत द्यावे, अशी ती पद्धत. ती एका शेतकऱ्याने दुसऱ्याच्या बांधावर जाऊन पाहिल्याखेरीज पसरणारी नव्हती. म्हणून १९५५ साली त्यांनी ‘भारत कृषक समाज’ स्थापन केला. व्यापाऱ्यांचे मंडळ असते, गिरणीवाल्यांचे मंडळ असते. मग धान्य, कापूस आणि ऊस पिकविणाऱ्यांना प्रांत व पक्ष बाजूला ठेवून भाव, बियाणे व कर्ज यांविषयी एका तोंडाने बोलता का येऊ नये, हा त्यामागचा विचार. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्यामागेही हीच खटपट होती.

याच काळात गोदामांचा प्रश्न हाती घेतला गेला. १९५६ साली सहकार व गोदामे यांविषयी कायदा झाला आणि १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ निघाले. शेतकऱ्याने धान्य वखारीत ठेवावे, त्याची पावती घ्यावी, त्या पावतीवर बँकेकडून उचल घ्यावी, आणि भाव सुधारल्यावर माल विकावा, अशी ही व्यवस्था. सुगीच्या दिवसांत घाईने विकण्याची सक्ती यामुळे टळते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी योसेफाच्या कोठारांचा धडा शिकविताना येथे क्षणभर थांबावे. योसेफाने धान्य साठविले म्हणून लोक जगले, हे आपण मुलांना सांगतो. पण उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायात पुढची हकीकतही आहे. त्या धान्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, आणि शेवटी जमीन फारोच्या स्वाधीन केली. कोठार जीव वाचविते, हे खरेच. पण कोठाराची किल्ली कोणाकडे आहे यावर शेत कोणाचे राहणार हे ठरते. धान्य वखारीत असले तरी पावती पिकविणाऱ्याच्या हाती असावी, या व्यवस्थेचे मोल यावरून कळेल.

१० एप्रिल १९६५ रोजी पंजाबरावांचे निधन झाले. १९६९ साली अकोल्यास निघालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि त्यांनी स्थापिलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून वऱ्हाडच्या अनेक पिढ्या शिकल्या. परंतु त्यांचे काम पुरे झाले असे म्हणता येणार नाही. आजही पेरणीच्या तोंडावर एकटा शेतकरी दुकानदाराच्या दारी उभा राहतो, आणि सुगीला एकटाच अडत्यापुढे. आपल्या मंडळीतही असे अनेकजण आहेत. रविवारी आपण एका बाकावर बसतो. सोमवारी बियाणे आणावयास किंवा माल विकावयास निघताना शेजाऱ्याला हाक मारतो काय, एवढा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.