अक्षरांचे शिल्पकार : जावजी दादाजी

ग्रंथ वाचताना वाचकाचे लक्ष आशयाकडे असते. अक्षराच्या घडणीकडे ते सहसा जात नाही. देवनागरी मुद्राक्षराची ही घडण ज्यांनी आयुष्यभर जोपासली, त्यांत जावजी दादाजी चौधरी यांचे स्थान अग्रभागी आहे.

जावजींचा जन्म १८३९ साली एका गरीब कुटुंबात झाला. शिक्षण बेताचेच झाले. बालवयातच मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात दरमहा अवघ्या दोन रुपयांवर ते खिळे घासण्याचे काम करू लागले. या सामान्य कामातूनच त्यांना अक्षराची पारख आली. पुढे इतर छापखान्यांत काम करून त्यांनी अनुभव मिळविला.

त्या काळी सुवाच्य हस्ताक्षरातील पोथ्यांची सवय असलेला वाचक छापील अक्षर आपलेसे करील का, हा प्रश्न होता. तिरप्या छाटाच्या बोरूने लिहिताना एक रेषा ठसठशीत, तर दुसरी नाजूक उतरते. हा जाड-बारीकपणा बाळबोध अक्षराचे सौंदर्य होय. धातूत तो साधणे मात्र अवघड होते. जाड रेषा प्रमाणाबाहेर गेली, तर अक्षराच्या पोटात शाई भरते. बारीक रेषा फार नाजूक झाली, तर ती दाबाने तुटते. शिवाय जोडाक्षरे, मात्रा आणि उकार यांमुळे देवनागरीला शेकडो निरनिराळे खिळे लागतात.

जावजींनी हे आव्हान स्वीकारले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू या कुशल मित्राची त्यांना साथ लाभली. राणोजी पोलादावर अक्षराचा ठसा कोरीत. त्या ठशावरून साचा तयार होई आणि साच्यात शिशाचा मिश्र धातू ओतून खिळे पाडले जात. जाड व बारीक रेषांचा तोल सांभाळणारी ही अक्षरे इतर छापखान्यांनाही हवीहवीशी वाटू लागली.

१८६९ मध्ये जावजींनी ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. तेथे संस्कृत ग्रंथ छापताना मूळ श्लोक मोठ्या, ठळक अक्षरांत आणि टीका लहान अक्षरांत देत. त्यामुळे पानावर नजर टाकताच मूळ कोणते व विवरण कोणते, हे वाचकाला उमगे. मुलांसाठी निघालेले ‘बालबोध’ मासिक आणि १८८६ पासूनची ‘काव्यमाला’ याच छापखान्यातून प्रसिद्ध झाली. पूर्वी मोजक्या पंडितांकडे असलेले ग्रंथ आता शुद्ध व सुबक रूपात दूरदूरच्या अभ्यासकांच्या हाती पडू लागले.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. शिशाच्या खिळ्यांचे युग आता सरले असून अक्षरे संगणकावर घडतात. तरीही रेषांचा तोल राखण्याची कसोटी तीच आहे. खिळे घासणाऱ्या एका मुलाने ती कसोटी आपल्या श्रमांनी उत्तीर्ण केली आणि ज्ञानाला देखणे रूप दिले.