आनंदीबाईंची तयारी

गेले चार महिने आमच्या टिळकवाडीतल्या घरात एकच विषय चाललाय, माझं परदेशी शिक्षण. आयईएलटीएस झाली, सरांची शिफारसपत्रं आली, बँकेतली कर्जाची फाईलही हळूहळू सरकते आहे. अडलंय ते एका कागदावर. स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे मी का जाते आहे ते दोन पानांत सांगायचं. मंडळाच्या अंकासाठी चरित्रलेख द्यायचा म्हणून डॉ. आनंदीबाई जोशींबद्दल पुन्हा वाचायला घेतलं, तर लक्षात आलं की याच प्रश्नाचं उत्तर त्यांना भर सभेत उभं राहून द्यावं लागलं होतं.

३१ मार्च १८६५ चा त्यांचा जन्म. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते पोस्टात नोकरी करणाऱ्या, वयानं बऱ्याच मोठ्या असलेल्या गोपाळरावांशी. बायकोनं शिकलंच पाहिजे हा गोपाळरावांचा हट्ट. त्यापायी त्यांनी मारहाणही केली. ते लपवून त्यांचं कौतुक करणं मला पटत नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनानं घेतलं ते त्यानंतर.

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना अमेरिकेतल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यांना मदतीसाठी पत्र लिहिलं. वाइल्डरनी धर्मांतराचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या, तिथं तो त्यांच्या वाचनात आला. त्यांनी आपणहून पत्र पाठवलं. पुढं वर्षानुवर्षं पत्रं चालली आणि आनंदीबाईंना परक्या देशात एक मावशी मिळाली.

गोपाळरावांच्या बदल्या होत होत दोघं कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला आले. बायको एकटी समुद्र ओलांडणार हे कळल्यावर लोकांनी बोलायचं काही ठेवलं नाही. हिंदूंना धर्म बुडेल अशी भीती, तर काही ख्रिस्ती मंडळींना धर्म न बदलताच ही निघाली याचं वाईट वाटत होतं. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या बोलायला उभ्या राहिल्या. मिशनऱ्यांनी काढलेलं ते कॉलेज, आपल्यासारखंच. वय सतरा, भाषण इंग्रजीत. लोक मागून जे विचारत होते ते प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले. इथं शिकायची सोय नाही का? एकटीच का जाते? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? उत्तरं सरळ होती. देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, इथं मिळणारं शिक्षण अपुरं आहे, आणि मी हिंदू म्हणूनच जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन.

दागिने विकून पैसे उभे केले. ७ एप्रिलला मिशनरी बायकांच्या सोबतीनं बोट सुटली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचली. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात तीन वर्षं काढून ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

एक तयारी मात्र राहून गेली होती, तब्येतीची. डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा हे निघण्याआधीपासूनच मागं लागलेलं. त्यात तिकडची थंडी, अपुरा आहार, आणि मग क्षय. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डावर नेमणूक झाली होती, पण तिथं रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत. अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत त्या पुरल्या आहेत.

माझी आजी रोज विचारते, इथं कॉलेजं नाहीत काय गं? मी चिडून विषय बदलत होते. आता ठरवलंय की आधी आजीला नीट उत्तर द्यायचं. तिला पटेल असं सांगता आलं, तर विद्यापीठाचा कागद अडायचा नाही. आणि मेडिकल चेकअपची तारीख दोनदा पुढं ढकलली होती, ती या सोमवारी नक्की केली आहे.