भगवज्जिनसेनाचार्य आणि सृष्टिकर्त्याचा प्रश्न

जैन ईश्वर मानतात की नाही, असे आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी कोणीतरी विचारलेले असते. उत्तर देताना आपली होणारी तारांबळ भगवज्जिनसेनाचार्यांचा परिचय असल्यास बरीचशी टळेल.

आचार्यश्री पंचस्तूपान्वयातील, धवलाकार वीरसेनस्वामींचे शिष्य. लौकिक कर्णवेध होण्यापूर्वीच ते गुरुचरणी आले. आपण फारसे रूपवान नव्हतो, फार चतुरही नव्हतो, तरी सरस्वतीने आपलाच आश्रय घेतला, अशी नोंद जयधवलेच्या प्रशस्तीत आहे. त्या टीकेचे २०,००० श्लोकप्रमाण लेखन करून गुरू निवर्तले. उरलेले ४०,००० शिष्याने लिहून शके ७५९ (इ. स. ८३७) मध्ये ग्रंथ पूर्ण केला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष त्यांना वंदन करून स्वतःला पावन मानीत. (शके ७०५ मध्ये हरिवंशपुराण रचणारे जिनसेन निराळे, नामसाम्यामुळे नेहमी घोटाळा होतो.)

आदिपुराणाच्या चौथ्या पर्वात, ऋषभदेवांची पूर्वभवकथा सांगण्यापूर्वी, आचार्यश्री लोकस्वरूपाचा विचार करतात. ईश्वरवाद्यांचे म्हणणे असे की, घट पाहिला की कुंभार मानावा लागतो. जगही रचनायुक्त कार्य आहे, म्हणून त्यालाही बुद्धिमान कर्ता हवा. यावर आचार्यश्रींनी प्रश्नांची सरबत्तीच केली आहे. सृष्टीपूर्वी हा कर्ता कोठे होता? साहित्य आधी निर्मिले म्हणावे, तर त्या साहित्यासाठी दुसरे साहित्य हवे. ते स्वयंसिद्ध म्हणावे, तर जगच स्वयंसिद्ध का नसावे? कृतकृत्याला निर्मितीची इच्छा का व्हावी? लीला म्हटली तर तो पोरखेळ ठरतो; करुणा म्हटली तर जगात दुःख का? जीवांच्या कर्मानुसार तो रचना करतो म्हटले, तर त्याचे स्वातंत्र्य कोठे उरले?

निःपक्षपणे पाहता, साहित्याचा प्रश्न नैयायिकांना फारसा बाधत नाही. परमाणू व जीव नित्य असून ईश्वर केवळ निमित्तकारण आहे, असेच ते मानतात. त्यांची खरी कोंडी होते ती करुणा आणि कर्म यांविषयीच्या प्रश्नांनी. तरीही वाद तेथे मिटला नाही. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धी पुन्हा मांडली. अचेतन अदृष्टाला चेतन अधिष्ठाता लागतोच, असा त्यांचा पक्ष. कर्म स्वभावतःच फळते, त्याला नियंता लागत नाही, ही जैन भूमिका. दोन्ही दर्शनांतील मर्माचा भेद येथे आहे.

मग आपण नास्तिक ठरतो काय? याच आदिपुराणाच्या पंचविसाव्या पर्वात १००८ नामांनी जिनेंद्रांची स्तुती आहे. आपण मंदिरात भक्तिभावाने म्हणतो ते जिनसहस्रनाम हेच. मात्र ते रचणारे आणि सृष्टिकर्त्याचे खंडन करणारे आचार्य एकच, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांनी जग निर्मिले नाही, जे प्रसन्न होऊन काही देत नाहीत आणि रुष्ट होऊन काही हिरावतही नाहीत, त्या वीतराग परमात्म्यांचे हे स्तवन आहे.

४२ पर्वे व पुढील पर्वाचे तीन श्लोक रचून झाल्यावर आचार्यश्रींचा देहान्त झाला. गुरूंची अपुरी टीका पूर्ण करणाऱ्या या शिष्याचा अपुरा ग्रंथ त्यांचेच शिष्य गुणभद्राचार्य यांनी ४७ पर्वांत पूर्ण केला, आणि पुढे उत्तरपुराण रचले.